सांड्याचा ताप

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान वामनराव सौंसरला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. मी त्यांना अहो-जाहो करते, कारण जावयाला अरे-तुरे करायची आमच्याकडे रीत नाही. मनात मी त्यांना काय म्हणते ते मनातच राहू द्या.

पांढरा शर्ट, पांढरी पँट, केसांना चपचपीत तेल आणि खिशाला पेनाच्या जागी थर्मामीटर. स्टीलच्या डबीतला, क्लिपवाला. लग्नाला गेले तरी थर्मामीटर, मयतीला गेले तरी थर्मामीटर. काम काय, तर पुड्या बांधायच्या, बाटलीत लाल मिक्श्चर ओतायचं, बाटलीवर दातेरी कागदाची पट्टी चिकटवायची आणि पेशंटला उलटं झोपवून इंजेक्शन टोचायचं. डॉक्टरसाहेब नागपूरला गेले की खेड्यावरची माणसं यांनाच डॉक्टर म्हणत. मग यांची मान अशी ताठ व्हायची की वाटे, लचकली तर मलम कोण लावून देणार? अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली माणसं मी पुष्कळ पाहिली. हे हळकुंड नुसतं हुंगून पिवळे झाले होते.

आमच्या बाबांनी वच्छलाला या घरी दिलं त्याचं कारणही ऐका. बाबा म्हणाले, "दवाखान्यातला पोरगा हाये. घरात दुखनंखुपनं आलं त चिंता नाही." बाबा भोळे. वच्छलाच्या घरी दुखणं आलं, चांगलं हातपाय पसरून बसलं, आणि दवाखान्यातला पोरगा एका सरड्याच्या काखेत थर्मामीटर लावत होता. माझी बहीण हातची जायची वेळ आली होती. त्याचीच ही हकीकत आहे, आणि ती सांगताना माझ्याकडून गोड बोलणं होणार नाही.

चौऱ्यांशी-पंच्याऐंशीचा सुमार असेल. दसऱ्याच्या आसपास सौंसरच्या बाजारात एक सांड्याचं तेल विकणारा आला होता. राजस्थानकडचा होता म्हणे. हे लोक बस स्टँडजवळ चादर अंथरतात, स्टोव्हवर कढई ठेवतात आणि समोर जिवंत सांडे मांडतात. सांडा म्हणजे वाळवंटातला जाडजूड सरडा. वीतभर अंग, मातकट रंग, शेपटीवर काट्यांच्या कड्या आणि तोंड दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखं. पळून जाऊ नये म्हणून त्यांची कंबर मोडून ठेवलेली असते. त्यांच्या चरबीचं तेल मर्दाच्या कामाला येतं म्हणतात. भोवती जमलेल्या गड्यांची तोंडं पाहिली की मला त्या सांड्यांपेक्षा त्यांचीच कीव यायची.

त्या तेलवाल्याच्या पायाला गळू झालं होतं. वामनरावांनी ते फोडून रोज पट्टी बांधून दिली. जायच्या दिवशी त्यानं एक लहानसा सांडा पिशवीतून काढला आणि म्हणाला, "डागदर साब, इसकी कमर मैंने तोडी नहीं है. आप पाल लो. बस, गरमी में रखना." डागदर साब! त्या एका शब्दापायी वामनरावांनी मगरसुद्धा घरी आणली असती. घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं. वच्छलाच्या दोन खोल्यांच्या घरात तिची चूल, तिची खाट, तिचा खोकला, आणि आता हा पाहुणा.

हो, खोकला. तो दसऱ्यापासूनच होता. मी तेव्हा पांढुर्ण्याहून, माझ्या घरून, दोन दिवस सौंसरला गेले होते. वच्छला भाकरी थापता थापता थांबायची, भिंतीला पाठ लावायची आणि पुन्हा थापायची. मी म्हटलं, "काय होऊन राहिलं तुले?" म्हणाली, "काही नाही ताई. दिवस मावळला का आंगात कसर येते. पाय ओढतात. सकाळी मंग बरं वाटते."

"त्यायले सांगितलं काय?"

"सांगितलं. रोज सकाळी थर्मामीटर लावतात. नॉर्मल येते म्हणतात."

"अन् संध्याकाळी?"

"संध्याकाळी दवाखाना रायते त्यायचा."

दवाखाना हाकेच्या अंतरावर होता. दाराशी उभं राहून शिंकलं तरी डॉक्टरसाहेबांना ऐकू गेलं असतं. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. मी जेवताना विषय काढला, तर वामनराव मला समजावून सांगू लागले. मलाच! "ताई, शरीराचं टेंपरेचर अठ्ठ्यान्नव पॉइंट चार. हे नॉर्मल. हिचं रोज सकाळी तेवढंच येते. आता नॉर्मल मानसाले बिमार कसं म्हनाव? हिच्या मनाचे खेळ हायेत." आणि हात धुवून ते सांड्याच्या खोक्याकडे गेले.

त्या खोक्याचं काय वर्णन करू! औषधांच्या बाटल्या येतात ते लाकडी खोकं. एका बाजूची फळी काढून तिथं जाळी ठोकलेली. तळाला नदीची रेती, एक चपटा दगड, आणि वरून होल्डरला लटकवलेला शंभराचा बल्ब. घरात वच्छला चाळिसाच्या बल्बखाली तांदूळ निवडायची, आणि सरडा शंभराच्या उजेडात बसायचा. तेलवाल्यानं सांगितलं होतं, गरमीत ठेवा. पण गरमी म्हणजे किती? एखाद्या शहाण्या माणसानं जनावर उन्हात सोडलं असतं, जवळ सावली ठेवली असती, आणि त्याचं त्याला ठरवू दिलं असतं. पण वामनरावांसारख्या वैद्यकीय माणसाला अंदाज कसा चालेल? त्यांना आकडा पाहिजे. आणि आकडा त्यांना आयुष्यात एकच ठाऊक होता.

सकाळी उठले की ते सांड्याला बाहेर काढत, मांडीवर घेत, त्याचा पुढचा पाय उचलून काखेत थर्मामीटर ठेवत आणि घड्याळाकडे पाहत. रात्रभराचा गारठा. जनावर थंडगार. पारा तळातून वर यायचाच नाही, कारण तापाच्या थर्मामीटरला खालचे आकडेच नसतात. वामनराव गंभीर होऊन म्हणत, "सब-नॉर्मल. कोलॅप्स होऊन राहिला." मग बल्ब, मग खोक्यावर पोतं, मग वच्छलाकडून गरम पाण्याची बाटली. दुपारी जेवायला घरी आले की पुन्हा मोजणी. तोवर बल्बनं जनावर चांगलं तापलेलं, डोळे उघडून, मान वर करून, अंग पसरून बसलेलं. थर्मामीटर एकशे चार दाखवी. झालं! "ताप! एकशे चार!" बल्ब बंद. मिठाच्या पाण्यात फडकं भिजवून सांड्याच्या कपाळावर पट्टी. सरड्याला कपाळ कुठं असतं हे त्यांनाच माहीत. तापाच्या गोळीचा चूर करून तोही पाजायचा. पुढं जनावर गार पडलं की, "पाहा, उतरला का नाही?"

त्याला त्यांनी हरभऱ्याचा पाला घातला, जास्वंदीची फुलं घातली. जनावर तोंड लावी आणि सोडून देई. खाल्लेलं पचायला जी ऊब लागते, तीच हा माणूस रोज दुपारी फडक्यानं पुसून काढी. एकशे चार हा त्याचा ताप नव्हता, त्याचा चांगला दिवस होता. मला हे कुणी शिकवलं नाही. पुढं तेच जनावर माझ्या घरी राहिलं, तेव्हा मी डोळ्यांनी पाहिलं. हाताला चटका बसेल इतकं तापल्याशिवाय ते पाल्याकडे बघतसुद्धा नव्हतं.

सौंसरात मात्र नाव झालं. संत्र्याचे दलाल, मास्तर, तहसिलीतले बाबू, सगळे वामनरावांचा सांडा पाहायला येत. वामनराव थर्मामीटर झटकत आणि भाषण देत. किराणावाले रामाजी एकदा पाहुणे म्हणून आले ते रोजच यायला लागले. ते खोक्याजवळ उकिडवे बसत, इकडंतिकडं पाहत आणि हळूच विचारत, "वामनराव, याचं तेल किती निघन हो?" वामनराव कानावर हात ठेवत. "रामाजी, हा पेशंट हाये." आलेल्या प्रत्येकाला वच्छला चहा करून देई. कप धुताना तिला दम लागे, तेव्हा ती मोरीत बसून खोकून घेई आणि पदरानं तोंड पुसून पुन्हा पुढं येई. त्या सगळ्या पेशंट पाहायला आलेल्या शहाण्यांपैकी एकालाही वाटलं नाही, की या घरात आणखी कुणी आजारी आहे. चहा मात्र सगळ्यांनी प्यायला.

थंडी पडली. आमच्या भागातली थंडी कोरडी आणि खोडकर. दुपारी कापूस वेचताना घाम आणि पहाटे दात वाजतात. त्यात गव्हाच्या पाण्याचे दिवस. विहिरींवरच्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडे आणि शंभराचा बल्ब लाल सुतासारखा दिसे. सांड्यानं एक दिवस मान खाली घातली ती घातलीच. खाणं बंद, हलणं बंद. थंडीत ही जनावरं बिळात शिरून पडून राहतात, एवढं तर आमच्या शेतातल्या सापविंचवांवरूनही कळावं. पण साप दवाखान्यात येत नाहीत. वामनरावांनी दवाखान्यातून ताकदीचं औषध आणलं आणि ड्रॉपरनं सांड्याच्या तोंडात सोडलं. ताकदीचं औषध! ज्या घरात बायकोच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या, त्या घरात ते आलं आणि सरड्याच्या पोटात गेलं.

वच्छलाची मला चिठ्ठीपत्री नाही, निरोप नाही. ती तशीच. लहानपणी पायात काटा मोडला तरी घरी येईपर्यंत बोलायची नाही. संक्रांतीनंतर मी तिळगूळ घेऊन सौंसरला गेले, ती सहज म्हणून. बसमधून उतरून घरी पोचले तेव्हा उन्हं कलायला लागली होती.

ओट्यावर माणसं बसलेली दिसली. शेजारचे दोघं, रामाजी, आणि मधे मांडी घालून वामनराव. सगळ्यांच्या माना खाली. हातातला डबा गच्च धरून मी पुढं गेले. वामनरावांच्या मांडीवर कापसाची लादी होती आणि त्यावर तो सांडा ठेवला होता, ताठ, डोळे मिटलेला. वामनराव माझ्याकडे पाहून म्हणाले, "एक्सपायर झाला, ताई."

"कोन?" मी ओरडले.

"हा. सकाळपासून पारा हालूनच नाही राहिला."

रामाजी खाकरले. "जे झालं थे झालं. पन चरबी त निघन न याची? वाया कायले घालवता?"

मी चपला काढल्या आणि आत गेले.

वच्छला खाटेवर होती. दोन वाकळा अंगावर आणि तरी कुडकुडत होती. गालाची हाडं वर आलेली, डोळे काचेसारखे चमकत होते. मला पाहून हसली. मी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि झटकन काढून घेतला. तवा होता तवा. किती दिवसांपासून हे चाललंय म्हणून विचारलं, तर म्हणाली, "दिवस मावळला का येते. माहीत हाये न तुले."

मी बाहेर आले. "वामनराव, थर्मामीटर द्या."

"कायले?"

"वच्छलाले लावाचा हाये."

"सकाळी लावला न मी. नॉर्मल हाये."

"मी आता लावते."

मी त्यांच्या खिशाकडे हात नेला. जावयाच्या खिशाला हात घालायची माझी पहिलीच वेळ. त्यांनी खिसा दोन्ही हातांनी दाबून धरला आणि मांडीवरचा सांडा कापसासकट ओट्यावर पडला. मग हळू आवाजात, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून, ते मला म्हणाले, "संध्याकाळी नका लावू, ताई."

मला आधी समजलंच नाही. "काहून?"

त्यांनी खिसा आणखी गच्च धरला. त्यांचा चेहरा पाहिला आणि मला कळलं. हा माणूस रोज टीबीच्या पेशंटना इंजेक्शनं टोचत होता. सकाळी उतरलेला आणि संध्याकाळी चढणारा ताप कशाचा असतो, हे सौंसरात डॉक्टरसाहेबांच्या खालोखाल कुणाला माहीत असेल तर या माणसाला. म्हणूनच ते सकाळी मोजत होते. रोज सकाळी, न चुकता, ताप नसेल त्या वेळी.

"तुमाले मालूम होतं," मी म्हटलं.

"हळू बोला, ताई." ते उठून मला आत घेऊन आले. दार लोटलं. "आकडा दिसला त सांगा लागन. डॉक्टरसाहेबाले मालूम पडलं त दवाखान्यात ठेवतीन का मले? कंपाउंडरच्या घरी टीबी म्हनल्यावर माह्या हातचं औषध कोन पिईन? लोकं बाटलीले हात नाही लावनार. मी म्हनलं, थंडी गेली का आपोआप बरी होईन."

आपोआप! इतके दिवस मी या माणसाला मूर्ख समजत होते. मूर्खाची चीड येते, पण त्याला माफही करता येतं, कारण त्याला कळतच नसतं. यांना सगळं कळत होतं. सांड्याचा ताप मोजला तर कुणी नोकरीवरून काढणार नव्हतं, कुणी पाण्याचा पेला वेगळा करणार नव्हतं. उलट शाबासकी मिळे. म्हणून सगळी डॉक्टरकी त्या खोक्यात, आणि खाटेवरच्या बाईला सकाळचा नॉर्मल. मला त्यांची किळस आली. साधं झुरळ पाहून येते तशी.

मी हात पुढं केला. या वेळी त्यांनी मुकाट्यानं थर्मामीटर काढून दिला. वच्छलाच्या काखेत लावला. ती माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे पाहत होती. थर्मामीटर एकशे दोनच्याही वर गेला. मी तो त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. त्यांनी मान फिरवली. एवढंही पाहवलं नाही त्यांना.

"लुगडं बदल," मी वच्छलाला म्हटलं. "पांढुर्ण्याले चाल. उद्या सकाळच्या गाडीनं नागपूर."

ती उठून बसली. लुगडं बदलताना खाटेचा आधार घेत होती. दाराशी आल्यावर थांबली आणि ओट्यावर पडलेल्या सांड्याकडे पाहून म्हणाली, "ताई, त्यालेही घे. मेला नाही तो."

"मेला," वामनराव म्हणाले. "मी पाह्यला न."

"तुमी पारा पाह्यला. मी दिवसभर खाटेवरून त्याच्याकडंच पाहून राहिली. पोट हालते त्याचं. लय वेळानं हालते, पन हालते."

मी खाली बसून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पोटाची कातडी किंचित वर आली आणि खाली बसली. रामाजींचं तोंड पाहण्यासारखं झालं. मी सांडा उचलला, तिळगुळाचा डबा पिशवीतून काढून तिथंच ओट्यावर ठेवला, आणि रिकाम्या पिशवीत कापसासकट त्याला घातलं.

"बसमधी मेलेलं जनावर नेता का, ताई?" वामनरावांनी विचारलं. त्यांना त्या घटकेलाही याचीच पडली होती.

"तुमच्या हिशेबानं हा मेला अन् हिले काही झालं नाही," मी म्हटलं. "तुमचा हिशेब तुमाले मुबारक."

ते बसपर्यंत आले नाहीत. लोक पाहतील म्हणून.

नागपूरला फोटो काढला. छातीत डाग निघाला. आणखी थोडे दिवस गेले असते तर आमच्या हाती काही नव्हतं, असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि मलाच रागावल्या. मी ऐकून घेतलं. ज्याला रागवायला हवं होतं तो सौंसरला पुड्या बांधत होता. मग पांढुर्ण्याला माझ्या घरी इंजेक्शनं, गोळ्या, अंडी, दूध. आमच्या घरच्यांनी पडवीत तिला वेगळी खाट टाकून दिली, वारा येईल अशी. शेजारणी सुरुवातीला दारातून परत जात. मी म्हटलं, जाऊ द्या. ज्यांना यायचं नाही त्यांचा चहा वाचला.

सांडा धान्याच्या कोठीमागं पोत्यात पडून होता. मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हते, खरं सांगते. थंडी ओसरली, उन्हाला जोर आला, तेव्हा एक दिवस तोच सरपटत पडवीत आला. वच्छलानं त्याला उचलून न्हाणीवरच्या टिनाच्या पत्र्यावर ठेवलं. टिन असं तापतं की आपण पाय ठेवू शकत नाही. तो त्यावर पोट टेकून पसरला. फारच तापलं की पत्र्याखालच्या सावलीत शिरे आणि निवला की पुन्हा वर येई. कुणी मोजलं नाही, कुणी पट्टी ठेवली नाही. मग तो कुंपणाच्या तुरीचा पाला खाऊ लागला, आणि असा खाऊ लागला की माझं कुंपण बोडकं झालं. वच्छला खाटेवरून त्याच्याकडे पाहत बसे. तिचंही अंग हळूहळू भरत होतं, पण अजून संध्याकाळी किंचित कसर यायची, आणि जेवणावर मन नव्हतं. ताटात वाढलेलं ती माझ्या धाकानं गिळायची.

वामनराव आले ते होळीच्या आधी. इतक्या दिवसांत ना निरोप, ना विचारपूस. सौंसरात त्यांनी सांगून ठेवलं होतं की बायको बहिणीकडे पाहुणचाराला गेली आहे. आणि सांडा? सांडा न्यूमोनियानं गेला म्हणे. आजही सौंसरातली जुनी माणसं भेटली की मला सांगतात, वामनरावांनी त्याला वाचवायची किती शिकस्त केली.

भर दुपारी आले. पांढरा शर्ट, खिशाला थर्मामीटर. वच्छला पडवीत बसली होती. मला वाटलं, आता तरी हा माणूस तिच्याजवळ जाईल. तेवढ्यात त्यांची नजर टिनावर गेली. "अरे! हा जिता हाये?" तोंड असं खुललं की लग्नातही मी तसं पाहिलं नव्हतं. स्टूल ओढून चढले, सांड्याला खाली काढला आणि तिथंच, उभ्या उभ्या, त्याच्या काखेत थर्मामीटर लावला. बायको हाताच्या अंतरावर बसली होती.

"एकशे चार!" ते म्हणाले. "ताई, फडकं ओलं करून आना."

"राहू द्या," वच्छला म्हणाली. तिचा आवाज मी कितीतरी दिवसांनी इतका स्वच्छ ऐकला. "त्याचं तेवढंच रायते. टिनावर ठेवून द्या."

त्यांनी ठेवला, पण नजर तिथंच. खाली उतरून खुर्चीवर बसले. मी पाणी दिलं. पेला कुणाचा, वेगळा आहे का, हे त्यांनी मला विचारलं आणि मगच प्यायले. मग घसा साफ करून म्हणाले, "मी काय म्हनतो, सांडा मी घेऊन जातो. लोकं अजून त्याचं नाव काढतात. खोकं तसंच ठेवलं हाये."

वच्छलानं त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही. बाजारात वस्तू घेताना उलटीपालटी करून पाहतो ना, तसं पाहिलं.

"मंग संध्याकाळपरेंत थांबा," ती म्हणाली.

"काहून?"

"थर्मामीटर हायच खिशात. दिवस मावळला का मले लावून पाहा. किती येते थे तुमच्या डोळ्यानं पाहा. मंग सांडा न्या, अन् मीही येते."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला त्या क्षणीसुद्धा, इतकं सगळं होऊनही, वाटत होतं की हा माणूस थांबेल. काय मागितलं होतं तिनं? एक संध्याकाळ. औषध मागितलं नाही, माफी मागायला लावली नाही. एकदा तिच्याजवळ बसून खरा आकडा वाचायचा होता, बस्स.

वामनरावांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. शर्टाची इस्त्री नीट केली. "बस चुकन," ते म्हणाले.

"दिवस मावळल्यावरही बस रायते," मी म्हटलं.

"गर्दी रायते तिले."

ते उठले. पायात चपला घातल्या. टिनाकडे एकदा पाहिलं, हात थोडासा पुढं केला आणि मागं घेतला. वच्छलाकडे न पाहता म्हणाले, "काळजी घे," आणि अंगणातून बाहेर पडले. ऊन अजून डोक्यावर होतं. ते सावलीसावलीनं, घाईघाईनं, बस स्टँडकडे गेले.

वच्छला वळणापर्यंत त्यांच्याकडे पाहत राहिली. मला वाटलं, आता ही रडेल, म्हणून मी जवळ जाऊन बसले. ती रडली नाही. तिनं गळ्यातली काळी पोत पदराआड सारली, केस मागं घेतले आणि म्हणाली, "ताई, भाकर टाक. मले भूक लागली."